सव्वा किलोचं ऑफिस

मंडळी, दर दिवाळीला या सदरात आपल्या घरात शिरलेल्या एखाद्या यंत्राबद्दल मी लिहिते. डोअरबेलचा कॅमेरा झाला, डिशवॉशरमध्ये कढई घालावी की नाही हा वादही झाला. यंदाचं यंत्र आहे माझा लहान लॅपटॉप. वजन सव्वा किलो, पडदा तेरा इंची, जाडी आपल्या दिवाळी अंकाएवढी.

मागच्या वर्षी मार्चमध्ये सांगलीला माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. आई एकोणऐंशी वर्षांची. भाऊ-वहिनी तिथेच असतात, पण दोघंही नोकरी करतात. माझी वर्षाची रजा पंधरा दिवस, आणि त्यातले दोन-तीन दिवस येण्याजाण्यातच जातात. माझं काम विम्याच्या आकडेवारीचं. साहेबीणबाईंकडे अर्ज केला आणि तीन-तीन आठवडे सांगलीहून काम करायची लेखी परवानगी मिळाली. पूर्वी दोन वर्षांतून एकदा जायची ती मी दीड वर्षात तीनदा जाऊन आले.

सोबत नेता येईल असा संगणक ही कल्पना तशी जुनीच. 1981 साली ऑस्बोर्न-1 नावाचं यंत्र ‘पोर्टेबल’ म्हणून बाजारात आलं. वजन जवळजवळ अकरा किलो, पडदा पाच इंची. 2007 मध्ये आसूसचा ‘ई पीसी’ आला. सात इंची पडदा, वजन किलोच्या आत, किंमतही बेताची. पुढच्याच जानेवारीत स्टीव्ह जॉब्झ यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला. एकाचं वजन हलकं होतं, तर दुसऱ्याचा कीबोर्ड आणि पडदा पूर्ण मापाचा होता. आज मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्येही या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात.

हलकेपणाची खरी किंमत विमानतळावर कळते. बऱ्याच विमान कंपन्या केबिन बॅगेला सात किलोच देतात. पूर्वीचा अडीच किलोचा लॅपटॉप आणि त्याची विटेसारखी चार्जरची पेटी यांतच निम्मी बॅग संपायची. आता फोनचा आणि लॅपटॉपचा चार्जर एकच. त्यावर बारीक अक्षरात 100–240 व्होल्ट असं लिहिलेलं असतं, तेवढं बघून घ्या. तसं असेल तर भारतात ट्रान्सफॉर्मर लागत नाही, नुसता पिनांचा अडॅप्टर पुरतो. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका, ती हातातल्या बॅगेतच हवी. आणि लॅपटॉपमध्ये आहे त्याची एक प्रत दुसरीकडे असू द्या. 2017 च्या मार्चमध्ये आखातातल्या काही विमानतळांवरून अमेरिकेला येणाऱ्यांना लॅपटॉप हातात ठेवायला बंदी झाली होती, हे तेव्हा दुबई-दोहामार्गे परतलेल्यांना आठवत असेल. ती जुलैपर्यंत उठली, पण तोवर लोकांनी आपली कामं सामानात टाकून जीव मुठीत धरून प्रवास केला.

सांगलीत माझी पाळी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते आणि रात्री अडीचला संपते. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की तीच साडेसात ते साडेतीन. लॅपटॉपची बॅटरी दिवसभर टिकते. पण वीज गेली की राउटर बंद पडतो, म्हणून फोनवरून इंटरनेट घ्यायची तयारी ठेवावी लागते. लहान पडद्यावर पत्रं, मीटिंगा, छोटे तक्ते छान होतात. चाळीस रकान्यांचा तक्ता मात्र होत नाही, ते काम मी न्यू जर्सीच्या मोठ्या पडद्यासाठी राखून ठेवते. दुसऱ्या दिवशीच मान धरते, तेव्हा लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीला उचलून घ्या आणि एक वेगळा कीबोर्ड जवळ बाळगा. आईच्या ज्ञानेश्वरीवर यंत्र ठेवायची काही सोय नव्हती. मग माळ्यावरून जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा काढला. उंची अगदी बरोबर आली.

एवढं सगळं जमलं, तरी चौथ्या-पाचव्या दिवशी आईनं विचारलं, “तू आलीयेस, की तुझं ऑफिस आलंय?”

प्रश्न रास्त होता. जुना संगणक टेबलावर असायचा, टेबलावरून उठलं की काम संपायचं. हे यंत्र कुठेही येतं: स्वयंपाकघरात येतं, दवाखान्याच्या बाकावर येतं, आईच्या पायाशी पलंगावरही येतं. अमेरिकेत रात्र असली तरी एखादं पत्र आलेलं असतंच, आणि उत्तराला दोनच मिनिटं लागतात. अशी दोन-दोन मिनिटं करत सकाळ जाते. समोर वॉकर धरून उभी असलेली आई तेवढा वेळ थांबून राहते.

तोडगा वहिनीनं काढला. दिवसा लॅपटॉप गोदरेजच्या कपाटात आणि किल्ली आईच्या उशाखाली. सव्वासहा वाजले की आई स्वतः किल्ली काढून द्यायची आणि म्हणायची, “घे, वाजला तुझा भोंगा.” सांगलीत वाढलेल्या माणसाला गिरणीचा भोंगा समजावून सांगावा लागत नाही. त्या तीन आठवड्यांत आम्ही सकाळी अंगणापर्यंत चाललो, मग फाटकापर्यंत, आणि शेवटच्या रविवारी कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत. दुपारी ती पडल्या पडल्या नात्यागोत्याचं सांगायची. कोणाची मुलगी कुणाकडे दिली हे मला पहिल्यांदाच नीट कळलं.

तुमच्यापैकी अनेकांचे आईवडील याच वयाचे आहेत, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगते. कंपनीचा लॅपटॉप देशाबाहेर नेण्याआधी लेखी परवानगी घ्या, कारण त्यात करांचे आणि माहितीच्या सुरक्षिततेचे प्रश्न असतात. ‘कोणाला कळतंय’ म्हणून निघू नका. दुसरी गोष्ट म्हणजे ही परवानगी कायमची नसते. आमच्याकडे येत्या जानेवारीपासून परदेशातून काम बंद होतंय. मी विचारून पाहिलं, उत्तर नम्र होतं आणि नकाराचं होतं. म्हणजे यापुढे पुन्हा पंधरा दिवस. लॅपटॉप कितीही हलका झाला तरी हा प्रश्न काही त्याला सुटायचा नाही. माझं आणि भावाचं त्यावर बोलणं सुरू आहे. आईला इकडे आणायचं, की मी बिनपगारी रजा घ्यायची? अजून ठरलेलं नाही.

पण ज्यांच्या हातात आज अशी परवानगी आहे, त्यांनी ‘पुढच्या उन्हाळ्यात बघू’ म्हणू नये. तिकीट काढावं, चार्जर घ्यावा आणि तिकडे पोचल्यावर कपाटाची किल्ली कोणाकडे द्यायची ते पहिल्याच दिवशी ठरवावं.

फराळाला बसताना लॅपटॉप मिटलेला असू द्या. शुभ दीपावली!