फेकून दिलेल्या तबकड्या आणि विगनचे कामगार

एक सात इंची तबकडी एक लाख पौंडांना विकली गेल्याचे वृत्त २०२० साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. फ्रँक विल्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाने १९६५ साली गायिलेले 'डू आय लव्ह यू' हे गीत तीवर आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने या गीताच्या थोड्या नमुना प्रती काढल्या, पण गाणे बाजारात आणलेच नाही. विल्सनने गायक होण्याऐवजी कंपनीत निर्माता म्हणून काम करावे असे ठरले आणि त्या प्रती नष्ट करण्यात आल्या. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच कशाबशा वाचल्या. त्यांपैकी एक २००९ साली पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली होती. अकरा वर्षांत भाव चौपट झाला.

असली वृत्ते धनिकांचा छंद म्हणून वाचून सोडून देण्याची आपल्याकडे रीत आहे. ज्या तबकडीला तिच्या उत्पादकाने कवडीचीही किंमत दिली नाही, तिला एवढे मोल कोणी प्राप्त करून दिले, हा प्रश्न मात्र सोडून देण्याजोगा नाही. ते मोल लिलावगृहांनी दिले नाही, नभोवाणीने दिले नाही, संगीतसमीक्षकांनी तर नाहीच नाही. उत्तर इंग्लंडमधील गिरण्यांत, खाणींत आणि कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या तरुणांनी शनिवारच्या रात्री नाचून ते दिले. 'नॉर्दर्न सोल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चळवळीचा इतिहास कामगारांच्या संस्कृतीविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावा असा आहे.

या संगीताचा उगम डेट्रॉइटचा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील वंशद्वेष आणि दारिद्र्य यांना कंटाळून लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेतील औद्योगिक शहरांत आली. मोटारींच्या कारखान्यांनी त्यांना काम दिले आणि प्रार्थनामंदिरांतील सामुदायिक गायनाची परंपरा त्यांनी बरोबर आणली. मोटाउनचा संस्थापक बेरी गॉर्डी स्वतः लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केलेला माणूस. १९५९ साली कुटुंबाकडून आठशे डॉलर्स उसने घेऊन त्याने कंपनी काढली आणि गाणीही त्याच शिस्तीने घडवली. एकाने लिहायचे, दुसऱ्याने चाल लावायची, तिसऱ्याने पारखायचे; नापास झालेला माल फडताळात. या कारखान्यातील वादकांची नावे तबकड्यांच्या वेष्टनांवर छापली जात नसत. १९७१ पर्यंत ती छापली गेली नाहीत. हेच वादक रात्री गुपचूप शहरातील इतर ध्वनिमुद्रणगृहांत जाऊन चार पैसे जास्त मिळवीत. 'रिक-टिक'सारख्या छोट्या कंपन्यांच्या तबकड्यांत मोटाउनचाच ठेका ऐकू येतो, त्याचे रहस्य या चोरट्या पाळीत आहे! १९६८ पर्यंत गॉर्डीने त्या प्रतिस्पर्ध्यालाही विकत घेऊन टाकले.

अशा शेकडो छोट्या कंपन्या त्या काळात डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस येथे निघाल्या आणि बुडाल्या. जाहिरातीला पैसा नाही, नभोवाणीवर वशिला नाही; पाचशे-हजार प्रती काढाव्यात, त्यातल्या बऱ्याचशा गोदामात पडाव्यात, असा तो व्यवहार. १९६७ च्या जुलैमध्ये डेट्रॉइटमध्ये उठाव झाला, त्यात ४३ माणसे मेली. १९७२ मध्ये मोटाउननेही बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय श्रोत्यांची आवडही तोवर बदलली होती. १९६५ सालचा तो धावता, टाळ्यांचा ठेका मायदेशीच जुना झाला.

याच वेळी अटलांटिकच्या दुसऱ्या काठावर, मँचेस्टरच्या 'ट्विस्टेड व्हील' या क्लबात, तरुण मंडळी नेमकी हीच गाणी मागत होती. डेव्ह गॉडिन या संगीतपत्रकाराचे लंडनमध्ये तबकड्यांचे दुकान होते. फुटबॉलच्या सामन्यांसाठी उत्तरेकडून आलेले तरुण दुकानात शिरत, ते नवी गाणी मागत नसत, जुन्या वेगवान ठेक्याची मागत, हे त्याच्या ध्यानात आले. अशा गिऱ्हाइकांसाठी कोणत्या तबकड्या काढून ठेवायच्या हे नोकरांना कळावे म्हणून त्याने 'नॉर्दर्न सोल' हे नाव वापरले, आणि १९७० साली 'ब्लूज अँड सोल' या नियतकालिकात ते छापूनही टाकले. लष्करी सेवेला सदसद्विवेकबुद्धीने नकार दिलेला हा मनुष्य विचाराने अराज्यवादी होता. चळवळीचे नाव दुकानाच्या गल्ल्यावर जन्माला आले, पण नामकरण करणारा दुकानदारी वृत्तीचा नव्हता, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

ट्विस्टेड व्हील १९७१ साली बंद झाला. स्टोकजवळच्या टन्स्टॉलमधील 'टॉर्च' थोडाच काळ टिकला. मग २३ सप्टेंबर १९७३ च्या पहाटे विगन शहरातील जुन्या एम्प्रेस नृत्यगृहात 'विगन कॅसिनो'ची पहिली रात्र झाली. जॉर्ज ऑर्वेलच्या १९३७ सालच्या पुस्तकामुळे विगन हे नाव समाजवादी वाचकांना बेकारी आणि दारिद्र्य यांचे प्रतीक म्हणून परिचित आहे. त्याच शहरात, इतर सर्व रंजनगृहे बंद झाल्यावर, पहाटे दोन वाजता कॅसिनोचे दार उघडे आणि सकाळी आठ वाजता मिटे. मद्य विकले जात नसे. स्कॉटलंडपासून मध्य इंग्लंडपर्यंतच्या गावांतून बसगाड्या भरभरून तरुण येत. १९७६ पर्यंत सभासदांची संख्या एक लाखावर गेल्याचे सांगितले जाते.

नाचाची रीतही न्यारी. जोडीदाराची गरज नाही. ज्याने-त्याने एकट्याने, परंतु सर्वांमध्ये नाचायचे. लाकडी जमिनीवर पाय सहज सरकावेत म्हणून पावडर शिंपडलेली. गिरक्या, पाठीमागे झोकून देणे, पुन्हा उसळून उभे राहणे, आणि गाण्यातील नेमक्या ठिकाणी शेकडो हातांची एकच टाळी. अंगाला घाम येणार म्हणून पिशवीत बदलण्याचा सदरा आणि टॉवेल. त्या पिशवीवर, बंडीवर शिवलेला बिल्ला असे आवळलेल्या मुठीचा. ती मूठ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संघर्षाची. लँकेशायरच्या गोऱ्या मुलांनी ती छातीवर मिरवली, ती तिचा पुरता अर्थ जाणूनच असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण ज्या दशकात वंशद्वेषी 'नॅशनल फ्रंट' याच शहरांमधून मते मागत हिंडत होती, त्या दशकात कृष्णवर्णीय गायकांची नावे तोंडपाठ असणे, त्यांच्या विस्मृत तबकडीसाठी आठवड्याचा पगार मोजणे, याला काहीच अर्थ नव्हता असे म्हणणे त्याहून चूक होईल. मेजर लान्स हा शिकागोचा गायक १९७२ साली टॉर्चमध्ये येऊन गायिला, तेव्हा त्या कार्यक्रमाची तबकडीच निघाली. मायदेशी ज्याची चलती ओसरली होती, त्याच्या प्रत्येक गाण्याला येथे टन्स्टॉलची पोरे दाद देत होती.

या रात्रींची काळी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. रात्रभर नाचण्यासाठी अॅम्फेटामिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जात, त्यांच्यासाठी औषधांची दुकाने फोडली जात, काही तरुणांची आयुष्ये त्यापायी बरबाद झाली. पोलिसांची नजर या क्लबांवर होती ती उगीच नव्हे.

ब्रिटनमधील डाव्या विचारवंतांनी मात्र या चळवळीकडे काणाडोळा केला तो या कारणासाठी नव्हे. १९७६ मध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' उभे राहिले, पंक संगीतातून राजकीय घोषणा ऐकू आल्या, तेव्हा त्यांना तरुणांच्या बंडाचा साक्षात्कार झाला. विगनच्या पोरांच्या ओठी घोषणा नव्हत्या. प्रेमभंगाची गाणी होती. म्हणून हे पलायन ठरले. पलायन कशापासून, हे मात्र कोणी विचारले नाही. टोनी पामर या दिग्दर्शकाने १९७७ साली ग्रॅनडा दूरचित्रवाणीसाठी कॅसिनोवर जो अनुबोधपट केला, त्यात गिरण्या, खाणी आणि नाच एकमेकांशेजारी ठेवले आहेत. त्याला उत्तर दिसले होते. विगन परिसरातील गोलबर्न खाणीत १८ मार्च १९७९ रोजी स्फोट होऊन दहा कामगार मृत्यू पावले. अशा ठिकाणचा तरुण शनिवारच्या रात्री सहा तास स्वतःच्या देहाचा स्वतः धनी होत असेल, तर त्याला पलायन म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. गिरणगावातील चाळींत पाळी संपवून आलेला कामगार रात्री भजनाला बसे, शाहिराची लावणी आणि पोवाडा ऐके, तेव्हा तोही दर वेळी वर्गसंघर्षाचेच गाणे ऐकत होता असे नाही.

खरी शोकांतिका आहे ती मजूर पक्षाची. विगनची महानगर परिषद १९७४ मध्ये स्थापन झाली तेव्हापासून त्या पक्षाच्या ताब्यात आहे. कॅसिनोची जागा परिषदेला आपल्या कार्यालयाच्या विस्तारासाठी हवी होती. ६ डिसेंबर १९८१ रोजी कॅसिनोची शेवटची रात्र झाली. रीतीप्रमाणे त्या क्लबात दर रात्रीची सांगता ठराविक तीन गाण्यांनी होई; त्या दिवशी ती तीन गाणी संपल्यावरही लोक हलेनात, आणि अखेरीस फ्रँक विल्सनचे तेच गीत लावावे लागले. १९८२ मध्ये इमारतीला आग लागली, १९८३ मध्ये ती पाडण्यात आली. कार्यालयाचा विस्तार पैशांअभावी झालाच नाही. २००७ पासून त्या परिसरात खरेदीसंकुल उभे आहे. लोअर परळला फीनिक्स मिलच्या आवारातील झगमगाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. परंतु तेथे निदान कामगारांचा पक्ष सत्तेवर असताना कामगारांचे नृत्यगृह गेले, असे घडले नव्हते.

आता पुन्हा तबकड्यांकडे वळावयाचे. त्यांच्या संग्रहाची एक वेगळीच अर्थव्यवस्था उभी राहिली होती. अमेरिकेतील गोदामांतून न खपलेल्या तबकड्या मातीमोलाने उचलून आणणारे व्यापारी निपजले. ज्याच्याजवळ दुसऱ्या कोणाकडे नसलेले गाणे, तो मोठा वादक. मग गाणे शोधून कोणी दुसऱ्याने लावू नये म्हणून तबकडीवरील नाव झाकून खोटे नाव सांगण्याची प्रथा पडली. विल्सनचे गीत कित्येक महिने एडी फॉस्टर या नावाने वाजत होते! रात्रभर ज्याच्या आवाजावर हजारो माणसे नाचली, त्याचे नावही त्यांच्यापासून चोरून ठेवावे, यात प्रेमापेक्षा मक्तेदारीची वृत्ती अधिक आहे. मागोमाग बनावट प्रतींचा धंदा सुरू झाला, आणि त्यावर उतारा म्हणून 'फक्त मूळ तबकडीच वाजवावी' असा दंडक आला. तो आजही अनेक ठिकाणी धर्माज्ञेसारखा पाळला जातो. पुनर्मुद्रित प्रत लावणाऱ्याची तेथे छी-थू होते.

या दंडकाच्या समर्थकांची बाजू अगदीच लंगडी नाही. बनावट प्रती काढणाऱ्यांनी गायकांना लुटले, म्हणून त्यांना दार बंद करणे योग्यच होते. धुळकट पेट्या उपसून, उपाशी राहून ज्यांनी ही गाणी जगासमोर आणली त्यांचे श्रमही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. ते नसते तर कित्येक गाणी कायमची हरवली असती. पण हिशेब गायकाच्या बाजूने मांडून पाहावा. जुनी मूळ प्रत एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे गेली, भाव शंभराचा हजार आणि हजाराचा लाख झाला, तरी गायकाला, वादकाला, गीतकाराला त्यातून एक छदामही मिळत नाही. ग्लोरिया जोन्सचे 'टेंटेड लव्ह' १९६५ साली अमेरिकेत कोणी विचारले नाही. सत्तरीच्या दशकात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी ते अमर केले. १९८१ मध्ये 'सॉफ्ट सेल' या जोडगोळीने, ज्यांतला एक जण ब्लॅकपूलमध्येच वाढलेला, ते पुन्हा गाऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले. गीतकाराला त्याचा हक्काचा वाटा मिळाला असेल. पहिल्यांदा गाणाऱ्या बाईला दुसऱ्यांच्या तबकडीतून कायद्याने काही मिळत नाही.

म्हणून १९८२ साली लंडनच्या 'केंट' या तबकडीसंस्थेने मूळ हक्कदारांशी रीतसर करार करून ही गाणी पुन्हा काढण्यास आरंभ केला, ती घटना एक लाखाच्या विक्रीपेक्षा मोठी मानावयास हवी. हक्क कंपनीकडे असले तर पैसा कंपनीकडेच जातो, गायकापर्यंत पोहोचतोच असे नाही, हे खरे. परंतु तेथे निदान हिशेबाची वही असते, दावा सांगण्यास जागा असते. वेष्टनावर गायकाचे खरे नाव, वादकांची माहिती, त्या काळचा इतिहास छापलेला असतो. मूळ प्रतीच्या सोवळ्यापायी अशी रीतसर प्रत वाजवणाऱ्याला हिणवणे म्हणजे वस्तूचा मान राखून माणसाचा अवमान करणे होय.

२०२३ च्या जुलैत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रख्यात प्रॉम्स महोत्सवात, नॉर्दर्न सोलची एक संध्याकाळ वाद्यवृंदासह साजरी झाली. विगनच्या पावडर सांडलेल्या जमिनीवरून हे गाणे तेथवर पोहोचायला पन्नास वर्षे लागली. फ्रँक विल्सन ती पाहण्यास नव्हता. पुढे धर्मोपदेशक झालेला हा गायक २०१२ सालीच निवर्तला. एक लाख पौंडांचा व्यवहारही त्याच्या मृत्यूनंतरचा. मोटाउनच्या ब्रिटिश शाखेने मात्र १९७९ मध्येच, नर्तकांच्या मागणीवरून, त्याचे गीत त्याच्या खऱ्या नावाने पुन्हा काढले होते. ती प्रत मूळ तबकडीच्या तुलनेत अगदी अल्प किमतीत आजही जुन्या तबकड्यांच्या दुकानांत मिळू शकते, आणि तीवरही तेच गाणे आहे.