आजोबांचा एक्स-रे आणि सूर्य

मुलांनो, 26 डिसेंबर 2019 ची सकाळ. सूर्यग्रहण होतं. कंकणाकृती दिसणार होतं ते केरळ-कर्नाटकाकडे, पण आपल्या शहापुरातही सूर्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग झाकला जाणार होता. तेवढ्यात चौथीतला एक मुलगा दप्तरातून आजोबांच्या छातीचा एक्स-रे काढून म्हणाला, "बाई, ह्यातून बघू?"

मी तो हातातून काढूनच घेतला. रागावू नका, मीही 1995 चं ग्रहण काजळी धरलेल्या काचेतून पाहिलं होतं. काही झालं नाही, हे माझं नशीब.

एक्स-रे काळाकुट्ट असतो, डोळ्यांना गार वाटतं, आणि तिथेच फसगत होते. दिसणारा उजेड अडतो, पण न दिसणारे अवरक्त किरण बरेचसे आरपार जातात. डोळ्यातल्या दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. भाजलं तरी दुखत नाही. काही तासांनी समोर काळा डाग दिसू लागतो, तेव्हा कळतं. परातीत हळदीचं पाणी घेऊन बघणाऱ्या आजीलाही सांगा, पाण्यातून परतणारा सूर्यही डोळ्यांना फार प्रखर असतो.

त्याच दिवशी एकीचे बाबा वेल्डिंगची काच घेऊन आले. हुशारी चांगली होती! पण काचेवर नंबर होता 11. वेल्डिंगला तो चालतो, सूर्याला 14 नंबर लागतो. ती काच सूर्याचा उजेड साधारण तीन लाखांत एक भाग इतकाच आत सोडते. काच आणाल तर आधी नंबर वाचा.

ग्रहणाचे चष्मे घेताना त्यावर आयएसओ 12312-2 छापलंय का, ते बघा. पण छापणं काय, कोणीही छापतं. म्हणून घरात चष्मा लावून पाहा. खोलीतलं काहीच दिसता कामा नये, पेटलेला दिवा जेमतेम दिसला तर ठीक. टाचणीएवढं छिद्र वा ओरखडा असेल तर फेकून द्या. आणि हा चष्मा लावून दुर्बिणीतून तर मुळीच बघायचं नाही! दुर्बिणीला गाळणी लागते ती पुढच्या भिंगावर.

यातलं काही नसेल तरी अडत नाही. वहीच्या पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि सावली पांढऱ्या कागदावर पाडा. मीटरभर अंतरावर वाटाण्याएवढा सूर्य उमटतो. भोकातून मात्र बघायचं नाही.

त्या दिवशी आम्ही तेच केलं. मग कुणीतरी ओरडलं, "बाई, आत या!" जुन्या वर्गाच्या कौलांमधून जमिनीवर कवडसे पडले होते. रोज गोल असतात, कारण तो प्रत्येक कवडसा सूर्याचंच चित्र असतो. आज सगळ्यांच्या कोरी झाल्या होत्या. एक्स-रेवाला पोरगा पालथा पडून त्या मोजत बसला.

2 ऑगस्ट 2027 ला, सोमवारी दुपारनंतर, आपल्याकडे पुन्हा खंडग्रास ग्रहण आहे. भर पावसाळ्यात, माहुलीचा डोंगरही ढगात गडप असतो तेव्हा! तरी पुठ्ठा तयार ठेवा.