स्कायलरचा अपराध कोणता?

‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन मालिका २०१३ साली संपली; परंतु तिच्यातील स्कायलर हे पात्र अस्वाभाविक असल्याची ओरड अद्यापि थांबलेली नाही. नवरा मादक द्रव्ये तयार करतो हे कळूनही ती पोलिसांकडे जात नाही, आणि पुढे मोटारी धुण्याचा धंदा विकत घेऊन त्याचाच काळा पैसा पांढरा करते. हे म्हणे पटत नाही! आम्हांस हा आक्षेप सर्वस्वी अन्यायाचा वाटतो. वॉल्टरच्या कर्करोगावरील उपचारांचा खर्च त्याचा जुना सहकारी इलियट देऊ करतो. तो नाकारून हा रसायनशास्त्राचा शिक्षक गुन्ह्याकडेच वळतो, तेव्हा त्याचा दुखावलेला अहंकार आमच्या रसिकांस तत्काळ उमगतो. मग त्याच्या पत्नीचे मन उमगण्यास अडचण ती कोणती? बापाचे खरे रूप मुलाला कळू नये, ही तिची धडपड आहे. बहिणीचा नवरा हँक अमली पदार्थविरोधी खात्यातील अधिकारी. तो गोळीबारात जायबंदी झाल्यावर त्याच्या उपचारांस पैसा पुरतो तोही ह्याच पापाचा. अशा स्थितीत गप्प बसणारी स्त्री अस्वाभाविक कशी? ही भूमिका करणाऱ्या ॲना गन ह्यांना तर प्रेक्षकांच्या ह्या द्वेषाविषयी २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहावा लागला.

अविश्वसनीयच शोधावयाचे, तर दुसऱ्या पर्वाचा शेवट पाहावा. वॉल्टरने जिला डोळ्यांदेखत मरू दिले, तिच्याच शोकाकुल बापाच्या हातून दोन विमानांची टक्कर व्हावी, आणि तिचे अवशेष नेमके वॉल्टरच्याच अंगणात पडावेत! हे मात्र सर्वांनी निमूटपणे गिळले.