गॅझेट हातात असताना पेपरची नोटीस कशाला?

मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२



महाराष्ट्र शासन राजपत्राचा भाग दोन दर आठवड्याला निघतो, गुरुवार ते बुधवार असा. नाव बदललेल्या माणसांच्या सूचना त्यात ओळीने लागलेल्या असतात. लग्नानंतर सासरचे आडनाव लावणाऱ्या बायका त्यात असतात, तशा माहेरचे आडनाव परत घेणाऱ्याही असतात. शाळेत घालताना गुरुजींनी कानावर पडले तसे लिहिलेले नाव चाळिशीत दुरुस्त करून घेणारे असतात. जात सांगणारे आडनाव टाकून दिलेली कुटुंबे असतात, धर्म बदललेली माणसे असतात. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयापर्यंत पूर्वी खेपा घालाव्या लागत. आता अर्ज ऑनलाइन होतो आणि राजपत्राची प्रत संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. शासनाने ही वाट खरोखर सोपी केली आहे, त्याबद्दल आधी आभार मानते.

माझी तक्रार त्यापुढची आहे. हे गॅझेट घेऊन माणूस बँकेत, पतसंस्थेत, शाळेत किंवा एखाद्या सरकारी कचेरीत जातो, तेव्हा खिडकीपलीकडून विचारले जाते, "पेपरला दिलंय का?"

मी एका तालुक्याच्या गावी महिला सल्ला केंद्रात काम करते. पोटगीचे अर्ज, वेगळे रेशनकार्ड, मुलांचे दाखले ही आमची रोजची कामे, आणि नाव बदलण्याचे काम त्यांच्या मागोमाग येतेच. कोर्टाच्या आवाराबाहेर झेरॉक्सच्या दुकानांतून पेपरच्या जाहिराती घेणारे एजंट बसतात. त्यांच्याकडे मजकूर तयार असतो: माझे जुने नाव अमुक, ते बदलून तमुक केले आहे, यापुढे मला याच नावाने ओळखावे, आणि खाली संपूर्ण पत्ता. असली जाहिरात देताना कारण लिहायलाच हवे असे नाही. पण त्या तयार मजकुरात कारणाची जागा असते आणि एजंट ती भरून टाकतो. घटस्फोट झाल्याने. पतीचे निधन झाल्याने. समोर बसलेली बाई आधीच गांगरलेली असते, ती सही करते. दुसऱ्या दिवशी तिच्या आयुष्यातली सगळ्यात दुखरी गोष्ट चार ओळींत, पत्त्यासकट, गावभर जाते. पूर्वी तो कागद निदान रद्दीत जायचा. आता पेपर इंटरनेटवरही निघतात आणि नाव टाकले की नोटीस वर्षानुवर्षे सापडत राहते.

आमच्याकडे आलेल्या एका मुलीचे सांगते. नवरा मारहाण करायचा. घटस्फोट झाला, तिने दुसऱ्या गावात खोली घेतली, नोकरी धरली. ती कुठे राहते हे त्याला कळू नये म्हणून तिच्या आईवडिलांपासून आमच्यापर्यंत सगळेच सांभाळून बोलत होतो. पगाराच्या खात्यावर माहेरचे नाव लावायचे होते, म्हणून तिने बँकेत न्यायालयाचा हुकूमनामा आणि गॅझेट दोन्ही दिले. तरीही पेपरची नोटीस मागितली गेली. नोटिशीत पत्ता आला. त्याच आठवड्यात तो माणूस तिच्या दारात उभा होता.

तिला पुन्हा खोली बदलावी लागली. हुकूमनाम्यात आणि राजपत्रात जे नव्हते असे त्या चार ओळींतून बँकेला काय मिळाले, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. खिडकीतल्या कारकुनावर माझा राग नाही. 'हे पुरे आहे, आणखी मागू नका' असे त्याला लेखी कोणी सांगितलेले नाही. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर उत्तर त्यालाच द्यायचे असते. म्हणून तो एक कागद जास्तीचा मागून ठेवतो.

पेपरात नोटीस देण्यामागे एके काळी खरे कारण होते, हे मी मान्य करते. नाव बदलून देणी चुकवणाऱ्याला चाप बसावा, नातेवाइकांना आणि सावकारांना खबर लागावी, हा हेतू चुकीचा नव्हता. जमिनीच्या व्यवहारात वकील आजही जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतात आणि खऱ्या हरकती येतातही. नाव बदलाच्या नोटिशीवर कोणी हरकत घेतल्याचे मात्र मी पाहिलेले नाही. कर्जाचा इतिहास आता पॅन क्रमांकाला जोडलेला असतो आणि नाव बदलले तरी तो क्रमांक बदलत नाही. शिवाय अट नोटीस छापून आणण्याची आहे, ती कोणी वाचावी अशी नाही. त्यामुळे लोक सगळ्यात स्वस्त दर असलेला पेपर शोधतात आणि पुरावा म्हणून अख्खे पान जपून ठेवतात. खबर देण्याचा मूळ हेतू यात कुठेच उरत नाही.

एक अडचण तर फक्त देवनागरीत छापणाऱ्यांनाच भोगावी लागते. दीपाली नावाच्या मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन 'ई' असतात आणि आधारवर एक 'आय'. हा फरक मिटवण्यासाठी तिला नोटीस द्यायला लावतात. ती मराठी पेपरात देते. त्यात जुने नाव दीपाली आणि नवे नावही दीपालीच छापून येते. मग अधिकारी म्हणतात, यातून काही कळत नाही, इंग्रजी पेपरात द्या. पुन्हा खर्च, पुन्हा पंधरवडा. आधारमध्ये नाव बदलण्याची संधी आयुष्यात दोनदाच मिळते, म्हणून इकडे चूक करून चालत नाही. मोलमजुरी करणाऱ्या आईबापांच्या मुलींना मी या एका अक्षरासाठी शिष्यवृत्तीच्या मुदतीमागे धावताना पाहते, तेव्हा फार वाईट वाटते.

कायद्याच्या बाजूने पाहावे तर महाराष्ट्रात नाव बदलण्यासाठी वेगळा असा एक कायदा नाही. शेजारच्या गोव्यात १९९० सालापासून आहे. आपल्याकडे प्रतिज्ञापत्र, पेपर आणि गॅझेट हे त्रिकूट चालीने रूढ झाले आणि कोणत्या कामाला यातले काय लागेल हे ज्याचे त्याने ठरवायचे, असे चालू आहे. दिल्लीत केंद्राच्या राजपत्रासाठी अर्ज करताना तर जाहिरात जोडावीच लागते. माहेरचे नाव परत घेणाऱ्या बाईकडून तिथे घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा नवऱ्याचे ना हरकत पत्र मागत. २०२४ मध्ये एका महिलेने या अटीला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. जे नाव जन्मापासून तिचेच होते, त्यासाठी नवऱ्याची हरकत आहे की नाही हे विचारण्याचा अधिकार शासनाला कुठून मिळतो, हा तिचा प्रश्न आमच्या केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये, सीबीएसईच्या प्रमाणपत्रांवरील नावांच्या खटल्यात, नाव हा माणसाच्या ओळखीचा अविभाज्य भाग आहे आणि ते राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात येते, असे सांगितले. स्वेच्छेने वेगळेच नाव घेणाऱ्याकडून जाहीर सूचना आणि राजपत्र मागता येईल, असेही त्याच निकालात आहे. हे मी लपवत नाही. पण माझे म्हणणे त्यांच्याविषयी नाही. ज्यांच्या बदलामागे आधीच विवाह नोंदणी, न्यायालयाचा हुकूम, मृत्यूचा दाखला किंवा जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र आहे, त्यांच्याविषयी मी लिहीत आहे. तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याखाली २०२० मध्ये जे नियम झाले, त्यांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या ओळखपत्राच्या आधारे इतर कागदांवरचे नाव १५ दिवसांत बदलून द्यावे, असे म्हटले होते. अशा व्यक्तीला जुन्या नावासकट पेपरात छापून या म्हणणे म्हणजे तिला उघड्यावर आणून उभे करणे होय. कधी कधी ते तिच्या जिवावरही बेतू शकते.

गॅझेट पुरेसे नाही म्हणणारे एक कारण देतात. मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, सूचना अर्जदाराच्या अर्जावरून छापल्या आहेत, अशी टीप राजपत्रातच असते, असे ते म्हणतात. टीप असते, हे खरे. पण जाहिरातींच्या पानावर पेपरवालेही तीच टीप छापतात आणि अर्जदाराची कागदपत्रे पेपरवाला कधी तपासत नाही. मग शासनाच्या छापखान्यापेक्षा खाजगी पेपरच्या कात्रणावर जास्त भरवसा का ठेवायचा?

नावाच्या बाबतीत मनात आणले तर हे राज्य काय करू शकते, ते साताऱ्याने दाखवले आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्ह्यातल्या 'नकुशा' नावाच्या २८५ मुलींना नवी नावे मिळाली. प्रशासनाने कार्यक्रम घेतला, अधिकाऱ्यांच्या हातून मुलींना फुले आणि नव्या नावाची प्रमाणपत्रे दिली. मुलीला नकोशी म्हणून हाक मारणे हा समाजाचा अपराध आहे, हे प्रशासनाने ओळखले आणि स्वतः पुढे झाले. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव आले. विवाहित स्त्रीला मालमत्तेच्या कागदांवर लग्नापूर्वीचे नाव लावण्याची मुभाही त्याच निर्णयात आहे. ज्या मंत्रालयातून इतके चांगले निर्णय निघाले, त्याच मंत्रालयातून आणखी एक परिपत्रक निघावे, एवढीच माझी मागणी आहे.

त्या परिपत्रकात स्पष्ट लिहावे की राज्य शासनाच्या राजपत्रातील सूचना सर्व राज्य कार्यालये, स्थानिक स्वराज्य संस्था, शाळा, विद्यापीठे आणि सहकारी पतसंस्था यांनी पुरेसा पुरावा मानावी आणि विवाह नोंदणी, हुकूमनामा, मृत्यू दाखला किंवा जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र सोबत असल्यास पेपरची नोटीस मागू नये. नुसत्या इंग्रजी स्पेलिंगच्या दुरुस्तीसाठी तर ती कधीच मागू नये. जिथे नोटीस अटळ असेल, तिथे जुने आणि नवे नाव एवढेच छापावे. पत्ता आणि कारण त्या कार्यालयाच्या फाइलीत राहू द्यावे. राष्ट्रीयीकृत बँका आपल्या अखत्यारीत येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या राज्यस्तरीय समितीच्या बैठकीत आपले अधिकारी बसतात. तिथे हा विषय मांडता येईल.

हे परिपत्रक मराठीत काढावे आणि प्रत्येक सेतू केंद्राच्या, तहसील कचेरीच्या फलकावर लावावे. नाही तर ते फाइलीतच राहील आणि खिडकीवरचा प्रश्न तसाच येत राहील. जून महिन्यात शाळा-कॉलेजांचे प्रवेश सुरू होतात आणि दाखल्यांवरच्या नावांची घाई तेव्हाच उडते. त्याआधी आपण निर्णय घ्यावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
महिला सल्ला केंद्रातील एक कार्यकर्ती