गाडीतील संगीत आणि त्याचा हिशेब

पूर्वी लॅमिंग्टन रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉ. भडकमकर मार्गावर इलेक्ट्रॉनिक वस्तूंची बाजारपेठ आहे, आणि त्याच्या दक्षिण टोकाला, ऑपेरा हाउसच्या आसपास, मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने. या दोन व्यापारांच्या सांध्यावर गाडीतील ध्वनियंत्रणा बसविण्याचा धंदा रुजला, यात नवल नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत कॅसेट प्लेअर बसला की घरात सण होई. आज कंपनीकडूनच गाडीत पडदा व चार स्पीकर येतात. तरीही नवी गाडी घरी येताच धाकट्या पिढीला ॲम्प्लिफायर आणि ‘बेसट्यूब’ हवी असते. हौसेला हरकत नाही. मात्र दुकानात माल पारखून घेणारा व्यापारी येथे केवळ खोक्यावरच्या आकड्यावर विसंबतो, याचे आश्चर्य वाटते.

खोक्यावर ‘४ × ५० वॅट’ असे ठळक छापलेले असते. हा क्षणिक कमाल आकडा होय. हेड युनिट सातत्याने देऊ शकते ती शक्ती प्रत्येक स्पीकरमागे साधारण १५ ते २० वॅट असते. म्हणून विचारावयाचा तो ‘आर.एम.एस.’ वॅटचा आकडा. दुसरे असे की, शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. इतका कमी परतावा देणाऱ्या व्यवहारात कोणता व्यापारी भांडवल घालील? याउलट ८९ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी ९२ डेसिबलचा घेतला, तर ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केल्याचे फळ मिळते. दाराच्या पत्र्याला आतून कंपनरोधक थर लावला, तर आहे तेच स्पीकर अधिक स्वच्छ वाजतात. प्रथम खर्च येथे करावा.

खरा धोका तारांत आहे. ३०० वॅट आर.एम.एस.चा ॲम्प्लिफायर पूर्ण भारावर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ३० अँपिअर प्रवाह ओढतो. कंपनीने रेडिओसाठी दिलेली तार एवढ्या प्रवाहासाठी नसते. म्हणून बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार हवी, आणि तिच्यावर बॅटरीजवळच, साधारण दीड फुटाच्या आत, फ्यूज हवा. फ्यूज ॲम्प्लिफायरपाशी असून भागत नाही. मधली तार इंजिनाजवळच्या पत्र्याला घासून उघडी पडली, तर तिला तोडणारे मध्ये काहीच उरत नाही, आणि गाडी पेट घेऊ शकते. तार शुद्ध तांब्याची असावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार सर्रास मिळते. तिचा विद्युत्-रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. टोक चाकूने खरवडले की आतली चांदीसारखी झाक दिसते. लोहार चाळीत धंदा करणाऱ्यांना हे सांगावयास नको, पण गाडी फिटरच्या हाती सोपवून चहाला जाणाऱ्यांना सांगावे लागते.

मूळ तारा कापून गाठी मारण्याऐवजी त्या मॉडेलचा कपलर वापरण्याचा आग्रह धरावा. कपलरची किंमत किरकोळ असते. कापलेल्या तारांमुळे मात्र गाडीच्या विद्युत यंत्रणेची वॉरंटी वादात सापडते.

विम्याचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतो. गाडीच्या छापील किमतीत समाविष्ट नसलेली विद्युत उपकरणे मूळ पॉलिसीत आपोआप येत नाहीत. ती स्वतंत्रपणे जाहीर करावी लागतात, आणि त्यांवर सामान्यतः मूल्याच्या ४ टक्के जादा हप्ता पडतो. म्हणजे ५०,००० रुपयांच्या यंत्रणेस वर्षाला सुमारे २,००० रुपये व वर कर. हे वाचविले आणि चोरी वा आग झाली, तर त्या ५०,००० वर पाणी सोडावे लागते. जाहीर करण्यास पक्के बिल लागते. जीएसटी वाचविण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल घेणारा वॉरंटी आणि विमा दोन्ही गमावतो.

आणखी एक बाब परळच्या रहिवाशांच्या रोजच्या अनुभवाची. केईएम, टाटा व वाडिया ही रुग्णालये एकमेकांच्या शेजारी आहेत. रुग्णालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा ५० व रात्री १० नंतर ४० डेसिबल ही मर्यादा आहे. काचा खाली करून बेसट्यूब घुमविणारी गाडी ती सहज ओलांडते.

काम पूर्ण झाल्यावर पैसे चुकते करण्याआधी इंजिन चालू करून, संगीत बंद ठेवून, ॲक्सिलरेटर हळूहळू दाबून पाहावा. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरमधून ऐकू आली, तर अर्थिंगची तार रंग न खरवडताच पत्र्याला जोडली आहे किंवा ध्वनीची तार वीजवाहक तारेला लागून ओढली आहे, असे बहुधा आढळते. तेव्हाच दुरुस्त करून घेतले तर अर्ध्या तासाचे काम. आठवड्याने गेल्यास फिटर नवे फिल्टर विकतो.