भाव मुरमाचा, विक्री वाऱ्याची



अंधेरी आणि कांजूरमार्गच्या मधे पवई आहे. तिथल्या आय. आय. टी. त उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन, पाणी, पिके वाचण्याची विद्या कित्येक वर्षे शिकवली जाते. तिचीच बहीण म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. नाव जड, काम सोपे. वाऱ्याचा, चढउताराचा, रस्त्यांचा, विजेच्या तारांचा, जमिनीच्या वापराचा, असे नकाशे एकावर एक ठेवायचे आणि सगळे जुळेल तिथे बोट ठेवायचे. पवनचक्कीची जागा आज अशी हेरली जाते.

चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने 2015 साली याच रीतीने हिशेब मांडला. 100 मीटर उंचीवरच्या वाऱ्यातून महाराष्ट्रात सुमारे 45 हजार मेगावॅट क्षमता उभी राहू शकते. त्यातली 31 हजार 'पडीक' जमिनीवर.

आमचे भांडण या पडीक शब्दाशी आहे. मुरमाड माळ आम्ही एक वर्ष पेरतो, दोन वर्षे गवताला सोडतो. रब्बी ज्वारीचे रान पावसाळाभर मोकळे, कपाशीचे उन्हाळाभर. वेगवेगळ्या मोसमांची चित्रे ताडून पाहिली तर चूक कमी होते, हे कबूल. पण मेंढरे चारणारा आणि सरपण वेचणारी बाई उपग्रहाला कोणत्याच मोसमात दिसत नाही.

दुसरी गोष्ट भावाची. साताऱ्यात वनकुसवडे, धुळ्यात ब्राह्मणवेल, आता बीड-धाराशिवचे माळ. दलाल येतो तो जागा हेरून झाल्यावर. कोणत्या गटात वारा आहे हे त्याला ठाऊक, मालकाला नाही. मग भाव ठरतो मुरमाचा आणि विकला जातो वारा. पंख्याच्या पायाला जागा थोडी लागते. क्रेनचा रस्ता आणि तारांचे खांब मात्र बांधामागून बांध ओलांडत जातात. त्याचाही दाम सौद्यात हवा.

पवनचक्कीला आमचा विरोध नाही. बोरिवली-मुलुंडच्या छतांवरचे पंखे आमच्या वाऱ्यावर फिरोत. मागणी एवढीच, की सौद्याआधी नकाशा गट नंबरांसह, मराठीत, ग्रामसभेपुढे यावा.

आपल्या हातचेही काम आहे. ई-पीक पाहणी 2021 पासून आपल्याकडे आली. ती कोरी ठेवली तर रान वहितीत असल्याचा पुरावा कुठला द्यायचा? वाऱ्याचा नकाशा संगणकावर कोणालाही पाहता येतो. कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींनी जिल्हा बैठकीपूर्वी आपले शिवार त्यावर शोधावे. ज्यांच्याकडे करारनामा आला आहे त्यांनी सही न करता तो सातबाऱ्यासह बैठकीला आणावा.