बातमीचा कर्ता कोण?

दर दिवाळीला एक चित्र न चुकता मोबाइलवर येतं. काळ्याभोर पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा, त्यात पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके, आणि सोबत इंग्रजीत मजकूर की दिवाळीच्या रात्री अवकाशातून भारत असा दिसतो, सौजन्य नासा. चांगली शिकलीसवरलेली माणसंही ते कौतुकाने पुढे पाठवतात. प्रत्यक्षात ते कुठल्याही एका रात्रीचं छायाचित्र नाही. अमेरिकेच्या लष्करी हवामान उपग्रहांनी अनेक वर्षांत टिपलेली माहिती एकत्र करून एका शास्त्रज्ञाने ते रचलं. १९९२ पूर्वीपासून दिसणारे शहरांतले दिवे त्यात पांढरे आहेत. १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये नव्याने दिसू लागलेले अनुक्रमे निळे, हिरवे आणि लाल. म्हणजे हे चित्र शहरांच्या वाढीचं, पणत्यांचं नव्हे. नोव्हेंबर २०१२मध्ये नासाने दिवाळीच्या सुमारास टिपलेलं खरं छायाचित्र प्रसिद्ध केलं आणि सणातला जादा उजेड अवकाशातून जाणवण्याइतका नसतो, हेही सांगून टाकलं.

तो खुलासा इंग्रजीत आहे. आठवी-नववीतल्या मुलाला शब्दकोश हाताशी घेऊन वाचता येईल, इतका सोपा.

मग शाळेत तो वाचला का जात नाही? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू होतं. इंग्रजी आलं तर नोकरी मिळेल, हे मुलांना घरीदारी ऐकवलं जातं. इंग्रजीतला खोटेपणा ओळखायलाही इंग्रजीच लागतं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. उलट मजकूर इंग्रजीत असला की त्याचं वजन आपोआप वाढतं. युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, ही अफवा युनेस्कोने नाकारल्यानंतरही वर्षानुवर्षं तग धरून राहिली, ती या वजनावरच.

दहावीच्या इंग्रजीत बातमीलेखनाचा प्रश्न असतो. मथळा दिलेला, मुलांनी स्थळ, तारीख, पहिलं वाक्य आणि पुढचा परिच्छेद रचायचा. भाषेचा सराव म्हणून हे ठीकच. पण ही माहिती कोणी दिली, ती कुठे पडताळली, याचा विचारच त्यात येत नाही. मथळा आधी आणि घटना नंतर, ही अफवेचीही रीत आहे!

व्याकरणाच्या तासाचंही तेच. ‘चेंज द व्हॉइस’ म्हटलं की मुलं कर्मणी प्रयोग झटपट करून दाखवतात. त्या प्रयोगात कर्ता सहज गाळता येतो, ही गोष्ट तिथेच थांबून दाखवायला हवी. ‘असं मानलं जातं’, ‘असं सांगितलं जातं’ अशी इंग्रजी वाक्यं फळ्यावर लिहून ‘मानतं कोण? सांगतं कोण?’ एवढं विचारलं, तरी व्याकरण आणि माध्यमभान एकाच तासात होतं. ‘मे’ आणि ‘कुड’ या सहायक क्रियापदांचं तसंच. आतल्या मजकुरातला ‘मे’ मथळ्यात गळाला, की शक्यतेची घटना होते.

केवळ इंग्रजी चांगलं असून भागत नाही, याचा पुरावा खुद्द इंग्लंडमध्ये आहे. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधल्या झाडांवरून स्पॅगेटीचं पीक काढताना दाखवलं गेलं. निवेदक रिचर्ड डिंबलबी, आवाज भारदस्त. हे झाड लावायचं कसं, असं विचारणारे फोन बीबीसीला आले. जुनी चित्रफीत आहे, तीन मिनिटांच्या आसपासची. सहावी-सातवीच्या वर्गात दाखवायला अगदी योग्य.

अफवा दर वेळी इतकी निरुपद्रवी नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्या काळात असे संदेश मोबाइलवरून गावोगाव फिरत होते.

फिनलंडने २०१६पासून अमलात आणलेल्या अभ्यासक्रमात मजकूर, चित्र, ध्वनी अशा सगळ्या रूपांतली माहिती पारखून वाचणं प्रत्येक विषयात गुंफलं आहे. आपल्याकडे त्यासाठी नवा विषय किंवा नवं पुस्तक नको. अभ्यासक्रम आधीच ठासून भरलेला आहे. दहावीचा तो एक प्रश्न बदलावा. तयार इंग्रजी बातमी द्यावी आणि त्यातला कोणता दावा, कोणाच्या आधारावर केला आहे, हे मुलांना लिहायला सांगावं. परीक्षेत आलं की वर्गात शिकवलं जातंच.